सगळ्यांत शेवटी उपेक्खा

अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं शिल्प लागतं. उजव्या कुशीवर पहुडलेल्या बुद्धाची ही मूर्ती सुमारे 7 मीटर लांब आहे. पाचव्या शतकात भिक्षू बुद्धभद्र यांनी हे लेणं करवून घेतलं, अशी नोंद तिथल्याच शिलालेखात आहे. वरच्या अंगाला आकाशातले देव आहेत आणि खाली, मंचकाला लागून, शोकात बुडालेले भिक्षू आणि उपासक. पाहणाऱ्याची नजर मूर्तीच्या शांत चेहऱ्यावर खिळते. खालची रांग बहुधा नजरेतून सुटते. सगळं अनित्य आहे, हे ज्यांच्या रोजच्या पाठात होतं त्या भिक्षूंच्याच देखरेखीखाली हे काम झालं. रडणारी माणसं त्यांना सहज वगळता आली असती, पण त्यांनी ती वगळली नाहीत.

हा संग्रह वाचताना त्या खालच्या रांगेचा विसर पडू नये, एवढीच संपादक म्हणून माझी पहिली विनंती आहे.

पाली तिपिटकातली काही सुत्तं, थेरीगाथेतल्या काही भिक्षुणींच्या कहाण्या, अट्ठकथांतल्या, म्हणजे पाली भाष्यग्रंथांतल्या गोष्टी आणि बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’तल्या निवडक भागांचा सारांश इथे मराठीत आणला आहे. सगळ्यांचा विषय एकच : बदलाला सामोरं कसं जायचं? माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, त्याचं नाव होतं आणि जातंही, जवळचं कुणी मरतं. अशा वेळी मन ज्या गुणाच्या आधाराने उभं राहतं, त्याला पालीत उपेक्खा म्हणतात. मराठीतल्या उपेक्षेचा अर्थ वाचकाने इथे बाजूला ठेवावा. तोल न ढळू देता समोरचं नीट पाहणारं मन, असा तिचा अर्थ आहे.

या विषयावर आज बोलणारे कमी नाहीत. मोबाइलमधली ध्यानाची ॲप आहेत, ऑफिसातली ताणमुक्तीची शिबिरं आहेत, आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं, डोळे मिटलेल्या बुद्धाचं चित्र आहे. चित्राखाली सल्लाही ठरलेला असतो : जे आहे ते स्वीकारा, सोडून द्या, पुढे चला. नोकरी गेली तरी हेच आणि आई गेली तरी हेच. सल्ला फुकटचा असतो, देणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला मात्र त्यात एक थंडपणा जाणवतो, आणि तो थंडपणा बुद्धाच्या नावावर जमा होतो.

महाराष्ट्रात या सल्ल्यावर आणखी एक आक्षेप आहे आणि तो जास्त वजनाचा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. जे वाट्याला आलं होतं ते यापुढे सोसणार नाही, असं ठरवून ती माणसं तिथे आली होती. त्यांच्या नातवंडांच्या हातात आज एखादं पुस्तक पडतं आणि त्यात लिहिलेलं असतं की बौद्ध शिकवणीचं सार म्हणजे परिस्थितीचा शांत स्वीकार. ज्या धम्माने आजोबांना उभं केलं, तोच आता बसून राहायला सांगतो की काय, असं त्या मुलांनी विचारलं तर त्यांचं काय चुकलं?

या दोन्ही आक्षेपांचं उत्तर मला बौद्ध याद्यांमध्ये सापडतं.

बौद्ध परंपरेला याद्यांचा सोस आहे. कित्येक पिढ्या सगळं मुखोद्गत ठेवावं लागलं, तेव्हा आकडे आणि क्रम यांच्याशिवाय पाठ टिकला नसता. वाचताना या याद्या रुक्ष वाटतात, पण त्यांतला क्रम अनेकदा खूप काही सांगून जातो. चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या थोर वृत्ती घ्या : मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाचा आनंद), उपेक्खा. सात बोज्झंग, म्हणजे बोधीची अंगं घ्या : स्मृती, धम्माची पारख, वीर्य, प्रीती, शांती, समाधी आणि सातवी उपेक्खा. थेरवादातल्या दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण घ्या : दानापासून सुरुवात होते, वाटेत वीर्य आणि क्षांती येतात, नववी मेत्ता आणि दहावी उपेक्खा. तिन्ही याद्यांत ती सगळ्यांत शेवटी आहे. ध्यानाच्या चार पायऱ्यांतही उपेक्खेने शुद्ध झालेली स्मृती चौथ्या पायरीवरच येते.

हा योगायोग नसावा. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला, त्यात हा नियम स्पष्ट केला आहे. ब्रह्मविहारांतल्या उपेक्खेचा अभ्यास थेट सुरू करता येत नाही. आधी मेत्ता, करुणा आणि मुदिता यांत मन मुरावं लागतं, तेव्हा कुठे चौथीचं दार उघडतं. हे चौघे एकत्र कसे नांदतात ते सांगायला त्याने चार मुलांच्या आईचा दाखला दिला आहे. एक मुलगा तान्हा आहे, एक आजारी आहे, एक ऐन तारुण्यात आहे, आणि एक आपापल्या उद्योगाला लागलेला आहे. तान्ह्याने मोठं व्हावं, आजाऱ्याने बरं व्हावं, तरुणाचा बहर टिकावा असं आईला वाटतं. चौथ्याची मात्र ती रोज काळजी करत बसत नाही. ही चौथी वृत्ती म्हणजे उपेक्खा. ती आईची आहे. पहिल्या तिघांना जिने वाढवलं नाही, त्या परक्या बाईनेही चौथ्याची काळजी केली नसती, पण तिच्या त्या निश्चिंतपणाला कुणी उपेक्खा म्हणणार नाही.

बुद्धघोष आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगतो. प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि चीड. ते लांबूनच ओळखू येतात. जवळचा शत्रू अज्ञानातून येणारी बेफिकिरी. ती दिसायला उपेक्खेसारखीच असते आणि घरातच राहते. तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

संग्रहाचा पहिला भाग म्हणूनच मेत्ता आणि करुणेचा आहे. त्यातली एक कथा विनयपिटकाच्या महावग्गातली आहे. एका भिक्षूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. विहारात फिरताना बुद्धाच्या ते दृष्टीस पडलं. तुझी सेवा कुणी करत नाही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी कुणासाठी काही केलेलं नाही, म्हणून तेही माझ्यासाठी काही करत नाहीत. बुद्धाने सोबतच्या आनंद या शिष्याला पाणी आणायला सांगितलं. दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून बुद्ध म्हणाला की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तेव्हा एकमेकांची सेवा तुम्हीच करायची; ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. त्या विहारातले बाकीचे भिक्षू दुष्ट नव्हते. आपल्या ध्यानात, आपल्या नेमात ते शांतच असतील. त्यांच्या त्या शांतीला बुद्धाने काय किंमत दिली, ते या कथेत दिसतं.

दुसरा भाग प्रयत्नाचा आहे, आणि तो वाचताना वाचकाला कदाचित आश्चर्य वाटेल. ‘आहे ते असंच व्हायचं होतं’ हा विचार बुद्धाच्या काळी एका मोठ्या पंथाचा सिद्धांत होता. आजीवकांचा आचार्य मक्खली गोसाल म्हणे की प्राण्यांच्या सुखदुःखाला माणसाचा प्रयत्न कारण नाही. सगळं नियतीने ठरलेलं आहे, सुताची गुंडी उलगडावी तसं ते उलगडत जातं आणि संपतं. बुद्धाने अनेक मतांचा प्रतिवाद केला, पण या मताबद्दल त्याची भाषा विशेष कडक आहे. अंगुत्तरनिकायात त्याने त्याला माणसाच्या केसांच्या कांबळ्याची उपमा दिली : थंडीत थंड, उन्हाळ्यात गरम, दिसायला वाईट, वासाला घाण. विणलेल्या वस्त्रांत सगळ्यांत निकृष्ट.

याच निकायात तो तीन मतांची उलटतपासणी घेतो. माणसाला जे भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं एक मत. सगळं ईश्वराने निर्माण केल्यामुळे, हे दुसरं. कशालाच काही कारण नाही, हे तिसरं. तिन्ही मतं शेवटपर्यंत ताणली तर एकाच जागी येऊन पोहोचतात, असं तो दाखवतो : मग हे करावं आणि हे करू नये, याला अर्थच उरत नाही. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला थेट विचारलं होतं की माणसाच्या सगळ्या वेदना पूर्वकर्माचंच फळ असतात, हे खरं का? बुद्धाने पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा अशी कारणं एकेक करून मोजली आणि कर्मविपाक त्यांतलं फक्त एक म्हणून शेवटी सांगितलं. आपल्याकडे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ असं सांगणारे नातेवाईक भेटतात. त्यांनी हे सुत्त जरूर वाचावं.

बाबासाहेबांची वाट या भागातूनच जाते. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रकाशित झाला. प्रास्ताविकात त्यांनी अभ्यासकांपुढे काही अडचणी मांडल्या आहेत. चार आर्यसत्यांमुळे बौद्ध शिकवण निराशावादी ठरते की काय, हा त्यांतला एक प्रश्न. सिद्धार्थाने घर का सोडलं, हा दुसरा. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सोडलं, ही रूढ कथा त्यांना पटत नव्हती. त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला : युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला देश सोडावा लागला, अशी ती मांडणी आहे. म्हणजे त्यांच्या सांगण्यात बुद्धाची सुरुवात एका नकारापासून होते.

पण अनित्यता त्यांनी टाकून दिली नाही. सगळ्या संयुक्त वस्तू अनित्य आहेत असं मानणं हा धम्म आहे, असं त्यांच्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. शून्यतेचा अर्थही ते अनित्यता असाच लावतात आणि पुढे म्हणतात की वस्तू अनित्य आहेत म्हणूनच जगात नवं काही घडणं शक्य होतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अनित्यता सहसा वार्धक्य आणि मृत्यू यांच्या संदर्भात सांगितली जाते, त्यामुळे ती ऐकताना मन खाली जातं. पण जे नियम सनातन म्हणून माथी मारले गेले, तेही संयुक्त वस्तूच आहेत. कुणीतरी ते बनवले, काही कारणांनी ते टिकले, आणि कारणं बदलली की तेही बदलणार. ‘हे असंच चालत आलं आहे’ या वाक्याला अनित्यतेइतकं रोखठोक उत्तर दुसरं नाही. बदलाचा स्वीकार करणं म्हणजे अन्यायाचा स्वीकार करणं, हे समीकरण इथे मुळातच मोडतं.

तिसरा भाग शोकाचा आहे. हा भाग सगळ्यांत मोठा झाला, आणि तो आखडता घेण्याचा प्रयत्न मी केला नाही.

बुद्धाच्या अखेरच्या काळात त्याचा पट्टशिष्य सारिपुत्त याचं जन्मगावी निधन झालं. चुंद नावाचा श्रामणेर त्याचं पात्र आणि चीवर घेऊन आनंदाकडे आला. बातमी ऐकून आनंदाची काय अवस्था झाली ते त्याने स्वतःच बुद्धाला सांगितलं : शरीर जड झालं, दिशा सुचेनात, धम्मही आठवेना. बुद्धाने त्याला विचारलं की सारिपुत्त जाताना शील, समाधी, प्रज्ञा सोबत घेऊन गेला का? आनंद म्हणाला, नाही. पण तो मला शिकवायचा, धीर द्यायचा, ते आठवतं. कोरड्या युक्तिवादाला इतकं साधं आणि खरं उत्तर फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं, आणि सुत्त रचणाऱ्यांनी ते गाळलं नाही.

त्यानंतर लगेच येणारं सुत्त गंगाकाठच्या उक्कचेला गावातलं आहे. तोवर दुसरा पट्टशिष्य मोग्गल्लानही गेला होता. जमलेल्या भिक्षुसंघाकडे पाहून बुद्ध म्हणतो की हे दोघे गेल्यापासून ही सभा मला रिकामी वाटते. हे वाक्य स्वतः बुद्धाच्या तोंडचं आहे. पुढे तो असंही सांगतो की अशा शिष्यांच्या जाण्याने तथागताला शोक होत नाही, कारण जे जन्मलं ते मोडणारच. दोन्ही विधानं शेजारीशेजारी आहेत. जागा रिकामी दिसणं आणि तरीही कोसळून न पडणं, या दोन्ही गोष्टी एकाच मनाला साधतात, हे त्यातून कळतं. सोडून द्या असं सांगणारे यातलं पहिलं विधान विसरतात.

कुसिनाऱ्याला बुद्ध शेवटच्या शय्येवर असताना आनंद विहाराच्या दाराला टेकून रडत उभा होता. अजून माझं शिकणं पुरं झालं नाही आणि माझा गुरू चालला, असं तो म्हणत होता. बुद्धाने त्याला बोलावून घेतलं. प्रिय माणसांपासून ताटातूट होणारच हे मी आधीच सांगितलं होतं ना, अशी आठवण दिली. आणि त्याच दमात, तू इतकी वर्षं काया-वाचा-मनाने माझी मायेने सेवा केलीस, असंही म्हटलं. मग सगळ्या भिक्षूंसमोर त्याने आनंदाचे गुण वर्णन केले. मरणाऱ्याने मागे राहणाऱ्याचं कौतुक करावं, हा सांत्वनाचा प्रकार आपल्या नेहमीच्या पाहण्यातला नाही.

याच भागात किसा गोतमी आणि पटाचारा आहेत. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला, जिथे कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं, ही कथा शाळेच्या पुस्तकांतूनही येते. तिच्याकडे युक्तीची गोष्ट म्हणून पाहिलं जातं, पण बुद्धाने तिला तिथल्या तिथे उपदेश केला नाही, याकडे फारसं लक्ष जात नाही. त्याने तिला दारोदार पाठवलं. प्रत्येक उंबऱ्यावर तिला कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगितलं. समज तिला त्या घरांनी दिली. पटाचारेने नवरा, दोन मुलं आणि माहेर अशी सगळीच माणसं गमावली. तिच्या गाथेत मनाचं वळण एका साध्या क्षणी येतं : पाय धुताना उताराकडे वाहत जाणारं पाणी पाहत असताना.

अंगुत्तरनिकायातल्या मुंड राजाची कथा मराठीत फारशी परिचित नाही. मगधाच्या या राजाची राणी भद्दा वारली. तो जेवेना, आंघोळ करेना, राज्याचं काम पाहीना. तिचा देह जास्त दिवस नजरेसमोर राहावा म्हणून त्याने तो तेलाच्या लोखंडी द्रोणीत ठेवायला सांगितला. त्याच्या कोषाध्यक्षाने त्याला पाटलिपुत्रातल्या नारद थेराकडे नेलं. जे म्हातारं व्हायचं ते म्हातारं होऊ नये, जे मरायचं ते मरू नये, अशा पाच न मिळणाऱ्या गोष्टी नारदाने त्याला समजावल्या. त्या उपदेशाचा शेवट एका प्रश्नावर होतो : हे मला किंवा दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही, हे कळल्यावर आता मी नेटाने कोणतं काम हाती घेऊ? राजा उठला, राणीचा अंत्यविधी करवला आणि तिच्यासाठी स्तूप उभारायला सांगितला. स्वीकाराची परिणती इथे हाताला काम मिळण्यात झाली.

बाणाचा प्रसिद्ध दृष्टान्तही याच भागात आहे. एखाद्याला एक बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा. पहिला शरीराच्या वेदनेचा. तो शहाण्यालाही लागतो. दुसरा त्या वेदनेवरच्या तळमळीचा, आणि तो टाळता येतो. हा दृष्टान्त हल्ली इतक्या ठिकाणी सांगितला जातो की पहिला बाण खरा असतो, हे सांगणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. दुसरा बाण काढायला शिकवताना पहिल्यावर मलमपट्टी करायची असते.

चौथा भाग लोकधर्मांचा, म्हणजे रोजच्या चढउतारांचा. लाभ आणि हानी, कीर्ती आणि अपकीर्ती, निंदा आणि स्तुती, सुख आणि दुःख ही आठ माणसांच्या मागे लागलेली असतात. बुद्ध म्हणतो की ती अडाण्यालाही भेटतात आणि शहाण्यालाही. फरक पडतो तो भेटल्यानंतर. या भागात थोडी गंमतही आहे. मज्झिमनिकायात सावत्थीच्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट येते. शांत, नम्र, सोशिक म्हणून तिची गावभर कीर्ती. तिची दासी काली कामात चोख. एकदा कालीच्या मनात आलं, बाईंना राग येतच नाही, की माझं काम वेळच्या वेळी होतं म्हणून तो दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठली. पहिल्या दिवशी बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी तोंड सुटलं, आणि तिसऱ्यांदा बाईंनी दाराची खीळ उचलून तिच्या डोक्यात घातली. रक्ताळलेल्या डोक्याने कालीने शेजारणींना बोलावून ‘सोशिक’ बाईंचा प्रताप दाखवला. कटू शब्द कानी पडत नाहीत तोवर कुणाच्या मनःशांतीची परीक्षा झालेली नसते, हे बुद्धाने भिक्षूंना सांगितलं. भिक्षेचं अन्न वेळेवर मिळतं म्हणून गोड वागणाऱ्यांनाही त्याने त्यात धरलं.

पुण्ण भिक्षूचं सुत्त आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं आहे. त्याला सुनापरांत देशात जायचं होतं. अट्ठकथेनुसार तो मूळचा सुप्पारक बंदरातला व्यापारी, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला. सुनापरांतातली माणसं रागीट आहेत, शिव्या देतील, मारतील, असं बुद्ध एकेक पायरी चढवत विचारतो, आणि पुण्ण प्रत्येक पायरीवर शांत उत्तर देतो. हा संवाद सहनशीलतेचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. पण पुण्ण तिथे मार खायला निघाला नव्हता. सुत्त पुढे सांगतं की त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या. सहनशक्ती त्याने कामासाठी कमावली होती.

पाचवा आणि शेवटचा भाग उपेक्खेचा. तो मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे. अभ्यासाचा क्रम त्यात बुद्धघोषाने दिला तसा आहे. मेत्तेची सुरुवात स्वतःपासून होते. उपेक्खेची मात्र ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा तटस्थ माणसापासून. मग प्रिय व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग वैरी, आणि सगळ्यांत शेवटी आपण स्वतः. स्वतःकडे समभावाने पाहणं सगळ्यांत कठीण, हे त्या क्रमातच आलं.

इथे विपश्यना शिबिरं केलेल्या वाचकाला एक शंका येईल. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली साधना 1969 पासून भारतात शिकवली, आणि इगतपुरीचं धम्मगिरी हे तिचं मोठं केंद्र झालं. दहा दिवसांच्या शिबिरात शरीरावरच्या संवेदनांकडे समभावाने पाहणं मध्यावरच सुरू होतं आणि मेत्ता शेवटी येते. मग क्रम उलटा झाला का? बुद्धघोषाने उपेक्खेचे दहा प्रकार मोजले आहेत. गुडघ्यातल्या कळेकडे समभावाने पाहणं हा एक प्रकार. दुःखात असलेल्या माणसाकडे समभावाने पाहणं हा अगदी वेगळा. पहिली उपेक्खा लवकर शिकता येते आणि शिकावीही. ती शिकल्यावर दुसरी आपोआप आली असं समजणं, हीच त्या जवळच्या शत्रूची चाल. शिबिराची सुरुवात पंचशीलाने होते आणि अखेर मेत्तेने, हेही विसरू नये.

भाषांतराविषयी थोडंसं. मराठी वाचकाला पाली साहित्याची ओळख करून देण्याचं मोठं काम धर्मानंद कोसंबी यांनी केलं. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा माणूस 1876 साली जन्मला, पाली शिकायला श्रीलंकेला आणि ब्रह्मदेशात गेला, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागला आणि हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनात गुंतला. त्यांच्या मराठीचा सरळपणा हा माझ्यासमोरचा आदर्श होता. पाली सुत्तांत एकच वाक्यसमूह पुन्हा पुन्हा येतो. पाठांतरासाठी तो आवश्यक होता, वाचनात तो अडतो. म्हणून पुनरुक्ती कमी केली आहे, पण जिथे तिच्यामुळेच अर्थाला वजन येतं, उदाहरणार्थ पुण्णाच्या संवादात, तिथे ती ठेवली आहे. चमत्काराचे भाग जसेच्या तसे आहेत. ते गाळून बुद्धाला आधुनिक करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नसतो.

पुस्तक कसं वाचावं, हे सांगून थांबतो. पाच भागांचा क्रम याद्यांचाच आहे : आधी माया, मग प्रयत्न, मग शोक, मग रोजचे धक्के, आणि शेवटी उपेक्खा. ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलं आहे त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. पाचवा भाग वर्षभर उघडला नाही तरी काही बिघडत नाही. ज्यांचा लढा अजून चालू आहे त्यांनी दुसरा भाग हाताशी ठेवावा. आणि दुसऱ्या कुणाला तरी ‘आता स्वीकार कर’ असं सांगता यावं म्हणून ज्यांना हे पुस्तक हवं आहे, त्यांनी ते पहिल्या पानापासून, एकही पान न गाळता वाचावं.